दिगूने आधीच पाहिलेला सिनेमा

दिगंबर धोत्रे माघातल्या एका दुपारी लोखंडी कपाटात शिरला आणि बाहेर आला तो गजानन हिंगमिरेचा सिनेमा बघूनच. सिनेमा अजून निम्मासुद्धा काढून झालेला नव्हता.

कपाट गजाननच्या मंडप-डेकोरेशनच्या गोदामातलं. त्याला द्रोण-पत्रावळीचा चंदेरी कागद चिकटवला होता, वर गणपतीतल्या दिव्यांची माळ सोडली होती, आणि एवढ्या भांडवलावर त्याला कालयंत्र म्हणायचं असं सगळ्यांचं ठरलं होतं. सगळे म्हणजे तिघे. गजानन दिग्दर्शक, कारण गोदाम त्याचं. पोस्टातून निवृत्त झालेला दिगू नायक, कारण चंदेरी कोट त्या एकट्याच्या अंगात शिरत होता. रज्जाक तांबोळी कॅमेरावाला, कारण निम्म्या बार्शीची लग्नं त्यानेच टिपली होती. त्या सवयीने तो परग्रहावरच्या स्वारीतसुद्धा हजर असलेल्या प्रत्येकाच्या तोंडावरून कॅमेरा फिरवायचा, पुढे कुणी रुसायला नको. तिघांचीही साठी उलटलेली. या वयात माणसं काशीला जातात. यांनी शके दोन हजार चारशेला जायचं ठरवलं होतं, आणि सिनेमाचं नावही तेच ठेवलं होतं.

तर दिगू कपाटातून बाहेर आला आणि त्याने ढेकर दिली.

"ढेकर नको," गजानन म्हणाला. "परत घेऊ."

"परत कशाला? जाऊन आलो की. दसऱ्यानंतर आहे तुझ्या सिनेमाचा पहिला खेळ. बाजारामागच्या मंगल कार्यालयात. गर्दी बरी होती."

रज्जाकने फक्त कॅमेरा चालू ठेवू का एवढं विचारलं. गजाननने कुठलाही दिग्दर्शक विचारेल तेच विचारलं.

"कसा झालाय?"

"मध्यंतरापर्यंत पाहिला," दिगू म्हणाला. "मग माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा सतरंज्या गुंडाळत होते."

दिगूचं म्हणणं असं, की त्यात त्याचा काही दोष नव्हता. जेवण आधी ठेवलं होतं. मसालेभात, बुंदी, आणि वाढणाऱ्यांचा आग्रह. वर पंखा. अशा वेळी माणूस झोपणार नाही तर काय करणार? गजाननचं म्हणणं, स्वतः पडद्यावर असताना माणूस झोपतो कसा? त्यावर दिगूने सांगितलं की दुसऱ्या भागात आपण पडद्यावर होतो की नाही हेच त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गजानन स्वतः कपाटात जाऊन बसला. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा तीच संध्याकाळ होती आणि त्याची पाठ धरली होती. कपाट दिग्दर्शकाला नेत नाही, अशी नोंद तिघांनी मनातल्या मनात केली आणि काम पुढे चालू केलं.

काम मात्र फार सोपं झालं. पहिला भाग दिगूने पाहिलेलाच होता. गजानन कॅमेरा उजवीकडे लावायला लागला की दिगू म्हणायचा, तू डावीकडे लावला होतास. गजाननला सिनेमात गाणं नको होतं. गाणं आहे, मी ऐकलंय, दिगू म्हणाला, आणि चालही त्यानेच गुणगुणून दाखवली. यंत्रमानवाच्या मनगटावर घड्याळ राहून गेलं होतं. रज्जाक ते काढायला धावला तर दिगूने त्याला अडवलं, कारण ते पडद्यावर चांगलं ठळक दिसत होतं. एका प्रसंगात मंगळावरून म्हैस जाते, असंही त्याने सांगितलं. गोदामाच्या मागच्या माळावर तिघे चार वाजल्यापासून म्हशीची वाट बघत बसले. अंधार पडायच्या सुमाराला ती आली, कॅमेऱ्यात बघून थांबली आणि गेली. दिगू म्हणाला, हीच ती.

यातून पुढे कामकाजाचा प्रश्न उभा राहिला. दिग्दर्शक नक्की कोण, असा विषय रज्जाकने चहाच्या वेळी काढला. गजाननचा चेहरा पडला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात मांडव घातले, आता स्वतःच्या मांडवात आपण पाहुणे झालो, असं काहीसं तो पुटपुटला. दिगूने समजूत घातली. सुरुवातीच्या पाट्यांत दिग्दर्शक म्हणून गजाननचंच नाव होतं, ते त्याने वाचलं होतं. "मी तुला काय करायचं ते सांगत नाही रे," तो म्हणाला. "तू काय केलंस ते सांगतोय." गजाननने यावर बराच विचार केला. पटलं नाही, पण चूक कुठे आहे तेही सापडलं नाही, तेव्हा त्याने ते मान्य केलं.

खरी पंचाईत दुसऱ्या भागाची होती. तिथे विचारायला कुणी नव्हतं. गजाननला बार्शीची भीती नव्हती. बार्शी हसणार हे त्याने मुहूर्ताच्या नारळाबरोबरच गृहीत धरलं होतं. त्याला दिगूची भीती होती. शाळेत असल्यापासून त्याने जे जे उद्योग केले, बुडवले, अर्धवट सोडले, ते दिगूने शेवटपर्यंत बघितले होते. या एकाच उद्योगात तो झोपला.

म्हणून गजाननने दुसरा भाग दिगूला झोप लागू नये अशा बेताने काढला. दर प्रसंगात काहीतरी आदळायचं. लक्ष्मी तोट्यांची माळ लावून एक आख्खा ग्रह उडवला. दिगू अवकाशात एकटा पडतो त्या प्रसंगात बँडवाल्यांचा ढोल घातला.

"हे मला काहीच आठवत नाही," दिगू म्हणाला.

"झोपला होतास ना."

"हो. पण एवढ्या दणदणाटात झोपलो म्हणजे फारच गाढ झोपलो असणार."

गजाननच्या बायकोने, शकुंतलाबाईंनी, सरळ उपाय सांगितला: जेवण सिनेमानंतर ठेवा. आचाऱ्याला तसं बजावण्यात आलं. कपाटच कार्यालयात न्यायचं नाही, म्हणजे माघातला दिगू येणारही नाही आणि झोपणारही नाही, असंही गजाननच्या मनात आलं होतं. पण रज्जाकने विचारलं, की तो आलाच नाही तर पहिला भाग आपण कुणाच्या सांगण्यावरून काढला? तेव्हा कपाट टेम्पोत घालून नेलं आणि शोभेसाठी दारापाशी उभं केलं.

दसरा झाला, खेळाचा दिवस उजाडला. लोक जमले आणि वीज गेली. पडदा काळा, पोरं रडायला लागलेली. पाहुण्यांमधून कुणीतरी म्हातारं म्हणालं, बसून काय करायचं, पानं तरी वाढा. पानं वाढली. जेवणं चालू असताना कपाटाचं दार उघडलं आणि माघातला दिगू चंदेरी कोटासह बाहेर आला. आता पंगतीत आलेल्याला कुणी विचारतं का, कुठून आलास? त्याला पाट मिळाला. बुंदी त्याने दोनदा मागून घेतली.

आत्ताचा दिगू पार मागे खांबाआड उभा होता. मधल्या काळात त्याने केसांना कलप लावला होता आणि स्वतःसमोर जायला त्याला ओशाळल्यासारखं होत होतं.

वीज आली. पहिल्या भागात म्हशीला टाळ्या पडल्या. मध्यंतर झालं, दुसरा भाग सुरू झाला आणि माघातल्या दिगूची मान छातीवर आली. गजानन त्याच्या शेजारी बसला होता. त्याने दंडाला धरून हलवण्यासाठी हात उचलला. नाही म्हटलं तरी एवढ्यासाठीच त्याने एक ग्रह उडवला होता.

हात खांद्यापाशी पोचला तेवढ्यात गजाननच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी येऊन टेकलं. कलप लावलेला दिगू होता.

"झोपू दे त्याला. दमलाय," तो हळूच म्हणाला. "जरा सरक. मला पुढचं बघायचंय. हे मी अजून पाहिलेलं नाही."

गजाननने हात खाली घेतला. मग त्याने पडद्याकडे बघितलंच नाही. एका कानाशी घोरणं चाललं होतं, ग्रह उडाला तेव्हासुद्धा. दुसऱ्या बाजूला दिगू पापणी न हलवता बसला होता. ढोल वाजला तेव्हा दिगूने कपाळाला हात लावला, पण बोटांच्या फटीतून बघत राहिला. मागचे लोक चपला शोधायला उठले, तरी तो हलला नाही.

दिवे लागले. सतरंज्या निघायला लागल्या.

"बरा नाही झालाय रे दुसरा भाग," दिगू म्हणाला. "ढोल तर कुणी सांगितला होता कोण जाणे. पण झोप नाही आली."

"शप्पथ?"

"आत्ता माझ्यासमोर मीच झोपलोय, त्याच्याशी ताडून बघ."

एवढं बोलून तो पुन्हा खांबाआड गेला, कारण माघातला दिगू डोळे चोळत उठत होता. गजाननने त्याला दंडाला धरून कपाटापर्यंत नेलं, कोटाची वर आलेली कॉलर खाली बसवली आणि आत उभं केलं. तो जरा शरमलेला होता. काय काय झालं रे, माझं काही हुकलं का, असं विचारायला लागला.

"नंतर सांगतो," गजानन म्हणाला. "आधी तू जा. तिकडे मी खोळंबलोय."

आणि त्याने दार लावून घेतलं.