चौथ्या अल्बमचं जेवण

बँडने नवा अल्बम काढला की आधीच्या अल्बमच्या वेळचा बँड मागे उरतो आणि त्याच्या जेवणाची सोय चाहत्यांना करावी लागते. इचलकरंजीच्या ‘धोटा’ या रॉक बँडचे असे तीन संच गावात उरले होते. दिवाळीत पाचवा अल्बम येणार असल्यामुळे चौथाही आता उरायच्या बेतात होता.

सोय तशी जुन्याच पद्धतीची. पूर्वी शिकायला आलेल्या गरीब मुलांना वार लावून देत, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, तसंच. बँडच्या घरच्यांकडून काही अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता. गायक जयवंत हुक्केरीच्या बायकोने पहिल्याच वेळी सांगून टाकलं होतं की तिने लग्न एकाशी केलंय आणि तो रोज घरी येतो. बाकीच्या जयवंतांचं ज्यांना कौतुक, त्यांनी बघावं. यात कुणाला काही गैर वाटलं नाही.

पहिल्या अल्बमचे सगळे वार केव्हाच लागले होते आणि वार मिळावा म्हणून लोक वशिले लावत. दुसऱ्याचंही बरं चाललं होतं. तिसऱ्याला मात्र दोनच घरं मिळाली, बाकीचे दिवस खानावळ. खानावळीचं अन्न या मंडळींच्या अंगी लागत नाही. वाढणाऱ्याने त्यांची गाणी मनापासून ऐकलेली असावी लागतात. तिसऱ्या अल्बमचा ड्रमर नजीर इतका विरला होता की त्याने समोर बसून टेबल वाजवलं तरी आवाज मागच्या गल्लीतून आल्यासारखा वाटे. तेवढेच ड्रम मग गावातल्या प्रत्येक कॅसेटवरून आणि मोबाइलवरूनही कमी झाले. लोक म्हणाले, बरं झालं, नाही तरी त्यात कीबोर्डच जास्त होता.

सुकुमार मगदूमचं मेन रोडला चष्म्याचं दुकान. गुरुवारचा वार त्याच्याकडे, आणि तोही पहिल्या अल्बमचा, त्यामुळे धोटा रसिक मंडळात त्याला मोठा मान. पहिली कॅसेट आली त्या दिवशी रांग मोडून ती घेणाऱ्यांत तो आणि त्याचा थोरला भाऊ धनपाल होते. पुढे पहिला बँड मागे उरला तेव्हा ‘गुरुवारी आमच्याकडं’ हे धनपालनेच परस्पर ठरवलं होतं. मंडळाच्या प्रत्येक सभेत सुकुमार एकच वाक्य बोलत आला होता, की दुसऱ्या अल्बमनंतर बँड संपला. ते ऐकून लोक माना डोलवत.

मागे उरलेल्यांचं वय वाढत नाही आणि त्यांचं सालही पुढे सरकत नाही. नवीन काही सांगितलं तर ते ऐकून घेतात, पण पुढच्या खेपेला ते त्यांच्या ध्यानात नसतं. त्यामुळे दर गुरुवारी चार तरणी पोरं सुकुमारच्या दारात चपला काढत, त्याच्या पांढऱ्या केसांकडे बघून ‘झोपत जा की लगा वेळेवर’ असं बजावत, आणि पानावर बसली की जयवंत विचारी, ‘धनपालदादा आला न्हाई?’

धनपाल काविळीने गेला होता. तो गेला त्या आठवड्यात सुकुमारने पोरांना तसं सांगितलं होतं. ती भरल्या पानावरून उठली आणि ओट्यावर बसून हमसून हमसून रडली. पुढच्या गुरुवारी जयवंतने पुन्हा विचारलं. आपल्या भावाच्या मरणाची बातमी दर आठवड्याला द्यायची म्हणजे माणसाने किती घट्ट व्हावं? सुकुमारला ते झेपलं नाही. तेव्हापासून तो ‘येतोय, तुम्ही सुरू करा’ असं सांगू लागला, आणि पोरं लगेच भाकरी मोडत.

खरं म्हणजे सुकुमार त्या गुरुवारावरच जगत होता. इतर दिवशी धनपाल गेलेला असे. गुरुवारी तो नुसता यायचा राहिलेला असे. मात्र त्यामुळे एक झालं होतं. जो अजून यायचाय त्याच्या आठवणी काढता येत नाहीत. सुकुमार आणि त्याची बायको शैलजा, दोघंही धनपालबद्दल बोलायचेच थांबले होते.

चौथा अल्बम धनपाल गेल्यानंतर आला. मंडळात त्याला कुणी विचारलं नाही. गाणी लांबलचक, गिटार कुठेतरी एखादी, आणि जयवंतचा आवाज पार खाली उतरलेला. एका गाण्यात एक माणूस कुणाचं तरी कपाट आवरतो, एवढंच. ते गाणं सुकुमारने दुकानात काचा घासताना बारीक आवाजात ऐकलं आणि हातातली काच खाली ठेवून तो रडला. भाऊ गेल्यावर पहिल्यांदाच. पुढे कितीतरी दिवस तो दुपारी गिऱ्हाईक नसताना तेच ऐकत होता. हे फक्त शैलजाला ठाऊक होतं.

‘सभेत एक बोलताय आन् दुकानात एक ऐकताय,’ ती एकदा म्हणाली होती. सुकुमारने चष्मा पुसायला घेतला.

चौथ्याच्या जेवणासाठी मंडळाची सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. सेक्रेटरी राजशेखर म्हेत्रे यांनी विषय मांडला आणि चौथ्याला कोण वार देतं असं विचारलं. वार कुणी दिला नाही. मग मतं आली. पहिल्यात दम होता, दुसऱ्यात राग होता, तिसऱ्यात कीबोर्ड घुसला तिथेच सगळ्याची माती झाली. चौथा म्हणजे निव्वळ भजन, असं एकाने ठासून सांगितलं. ऐकलाय का असं विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे नाही म्हटलं. वाईट आहे हे माहीत असताना ऐकायचा कशाला? हे सगळ्यांना पटलं. पहिल्या अल्बमच्या बाजूने सगळ्यात तावातावाने बोलली ती परवीन मोमीन, कॉलेजात शिकवणारी. तो अल्बम आला तेव्हा तिचा जन्म झाला नव्हता.

म्हेत्रे यांनी शांतपणे समारोप केला. घरं नसतील तर चौथा संच सगळे दिवस खानावळीत जेवेल. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत तो विरेल, आणि त्याच्याबरोबर अल्बमही. कुणाची हरकत?

सुकुमारने हात वर केला. तो का वर केला हे त्याचं त्यालाही नीट कळलं नव्हतं, पण खाली घ्यावासा वाटेना.

‘मगदूम, नियम तुम्हाला म्हाईत हाय,’ म्हेत्रे म्हणाले. ‘एका घरात एकच बँड. चौथा घ्यायचा तर पहिला सोडावा लागंल.’

सुकुमारच्या डोळ्यांसमोर गुरुवारचं पान आलं आणि जयवंतचा तो प्रश्न आला. पहिला सोडला तर धनपालची वाट बघणारं त्या घरात कुणी उरणार नव्हतं. आणि चौथा विरला तर जिथे तो धनपालसाठी रडला होता ती एकुलती एक जागा जाणार होती. एक सोडायलाच हवं होतं.

‘सोडतो,’ तो म्हणाला.

हॉलमध्ये बराच वेळ खुर्च्या सरकल्याचे आवाज येत राहिले. मग मागच्या रांगेतल्या एकाने मान खाली घालूनच सोमवार मागितला. चौथ्याला भजन म्हणणाऱ्याने खाकरून, शनिवार रिकामा आहे का, असं विचारलं. त्यांची काय दुखणी होती ते कुणी विचारलं नाही. तीन वारांवर चौथा तग धरेल, असा अभिप्राय म्हेत्रे यांनी दिला. पहिल्या अल्बमचा गुरुवार परवीनला मिळाला.

परवीन दुसऱ्याच दिवशी दुकानात आली. पोरांना काय आवडतं, किती लागतं, हे तिने बारकाईने विचारून घेतलं. नजीरला ठेचा लागतो, जयवंतला ताक, हे सुकुमारने सगळं सांगितलं. धनपालचं सांगायला त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भाकरी किती लागतात तेच सांगितलं.

दिवाळीत पाचवा अल्बम आला. त्या आठवड्यातल्या गुरुवारी चौथा बँड सुकुमारच्या दारात उभा राहिला. चार पोक्त माणसं. नजीरला खाली बसवेना म्हणून शैलजाने स्टूल दिलं. जयवंतने भात नको म्हणून आधीच सांगून ठेवलं, साखर होती. ते हळूहळू जेवत होते.  सुकुमारला घर भलतंच मोठं वाटत होतं.

तेवढ्यात जयवंतने भिंतीवरच्या धनपालच्या फोटोकडे बघितलं; आजवर दर गुरुवारी तो उतरवून ठेवत. धनपाल गेला तेव्हा हाच जयवंत भेटायला येऊन तासभर बसून गेला होता. ‘तुझा भाऊ आमच्या पहिल्या कार्यक्रमाला नको तिथं टाळी वाजवायचा,’ तो म्हणाला. शैलजाला हसू फुटलं. आमच्या लग्नाच्या मंगलाष्टकांतसुद्धा त्यांनी तेच केलं होतं, ती म्हणाली. कितीतरी वर्षांनी त्या घरात कुणी धनपालबद्दल बोलत होतं. सुकुमारचा घास हातातच राहिला.

आणि फोन वाजला. परवीन होती. म्हेत्र्यांनी पोरांना तिच्या दारापर्यंत आणून सोडलं होतं, पानं वाढून झाली होती, पण ती जेवेनात.

‘धनपालदादा आल्याशिवाय बसणार नाही म्हणतायत,’ ती काकुळतीला येऊन म्हणाली. ‘काका, धनपालदादा कोण? काय सांगू मी यांना?’

तिचा आवाज पानावरच्या सगळ्यांना ऐकू गेला. शैलजा वाढता वाढता थांबली. जयवंतने डावा हात पुढे केला आणि फोन मागून घेतला.

‘त्यातल्या जयवंतला दे,’ तो परवीनला म्हणाला. थोडा वेळ गेला. ‘जयवंत, मी जयवंत बोलतोय. हां. दादा आज हिकडं आलाय. आमच्यात जेवतोय.’

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

‘न्हाई, तिकडं न्हाई यायचा आता. हिकडंच असतो. तुम्ही बसा जेवायला.’

फोनमधून ताटं सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ नजीरने ठेचा मागितला. जयवंतने फोन परत दिला. शैलजाने पदराने डोळे पुसले, दोन पानांच्या मध्ये आणखी एक पान मांडलं आणि त्यावर मीठ वाढलं. स्टुलावरचा नजीर जागा व्हावी म्हणून जरा बाजूला सरकला.