सोनवण्यांच्या ध्यानात

सोनवणे कुणाचंही नाव कधी विसरत नसत. फक्त ते नाव बऱ्याचदा त्या माणसाचं नसे.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेरीला पाटी आली, साहेब आले, जुन्या जिल्ह्याहून ट्रक भरून दप्तरही आलं. कपाटं तेवढी यायची होती. त्या गठ्ठ्यांच्या आडोशाला मी आणि सोनवणे समोरासमोर बसायचो. त्यांचं वय तिशीचं, पण स्मरणशक्तीवरचं प्रवचन साठीच्या थाटात.

"डोकं म्हंजे एस्टी," ते सांगत. "नाव आलं की खिडकीतून रुमाल टाकून त्याची सीट धरायची. उभ्यानं चढलेलं नाव जवळच्या औशालाच उतरून जातंय."

रुमाल म्हणजे खूण. नव्या साहेबांचं आडनाव दुधाळ. सोनवण्यांनी रुमाल टाकला : म्हैस. सत्काराच्या दिवशी ते माईकसमोर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आपले लाडके, माननीय म्हशाळ साहेब!"

दुसरेच कुणी बडे पाहुणे आले असावेत, असं वाटून साहेबांनीही टाळ्या वाजवल्या.

खरा प्रकार कळल्यावर शिक्षा म्हणून सगळं दप्तर सोनवण्यांच्या गळ्यात पडलं. कचेरीची मात्र सोय झाली. कुणी अर्जाची चौकशी केली, की "सोनवण्यांच्या ध्यानात आहे," म्हणून आम्ही मोकळे. रेशनकार्डासाठी खेटे घालून दमलेले शेखचाचा एकदा त्यांना म्हणाले, "तुमच्या ध्यानात हाय ते बराबर हाय, मियाँ. माझ्या हातात कवा येनार?"

दुसऱ्याची आठवण दुरुस्त करायचं तर त्यांना व्यसनच. माझ्या लग्नात बुंदी होती, असं मी म्हटलं की ते ठासून सांगत, "चूक. जिलबी होती." लग्नाला ते आलेही नव्हते.

रोज दुपारच्या सुट्टीत मात्र ते सायकल दामटत घरी जात आणि उशिरा परतत. एकदा दप्तराच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशातच गेली. साहेबांना फाईल तातडीनं हवी होती, म्हणून मी सोनवण्यांच्या घरी पोचलो.

अंगणात त्यांची आई उन्हात बसली होती. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, हातात काहीच नाही, तरी हात वरखाली चाललेला. काय फोडत होती, ते दिसत नव्हतं.

"दुष्काळात खडी फोडायला जायची गयाबाई," शेजारीण कुजबुजली. "त्याच्या फुडचं समदं इसरली. मुकादमानं सुट्टी दिल्याबिगर भाकरीला हात लावत न्हाई."

सोनवणे तिच्यासमोर उभे राहिले, आवाज जाड केला. "गयाबाई, सुट्टी झाली. भाकर खाऊन घ्या."

म्हातारीचा हात थांबला. तिनं दोन्ही हात जोडले. "मुकादम, एक इनंती हाय. माझं पोरगं म्याट्रिकला हाय. त्येला खडीवर बलावू नगा."

"आई, तो मीच," असं ते आता म्हणतील, असं मला वाटलं.

"न्हाई बलावत," सोनवणे म्हणाले. "कसा हाय अभ्यासात?"

"हुशार हाय. पर लई उपाशी ऱ्हातंय."

सोनवण्यांनी भाकरीचं ताट तिच्यापुढं सरकवलं आणि खाली बसले. तिनं एक घास घेतला, मग त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"तुमी जेवलात का, मुकादम?"

त्यांनी मान हलवली. नाही.

तिनं अर्धी भाकरी मोडून त्यांच्यापुढं धरली. "घ्या. तुमाला बी माय असंलच की कुटंतरी."

सोनवण्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.