सायाळताईंची सडपातळ अक्षरं

एका जंगलात, बाळांनो, पाट्याच पाट्या होत्या. सगळ्या अस्वलकाकांनी चिखलात पंजा बुडवून लिहिलेल्या. अक्षरं गोल, गुबगुबीत, नुकतीच जेवून उठल्यासारखी. ओढ्यापलीकडूनसुद्धा वाचता यायची. म्हणून त्यांना कोणी कला म्हणत नसे.

त्याच जंगलात सायाळताई राहायच्या. वय चाळिशीपुढचं, अंगावर भरपूर काटे, आणि कौतुकाची भूक जरा जास्तच. असते एखादीला.

एकदा त्यांनी आपलेच गळलेले काटे डिंकाने फळीवर चिकटवून लिहिलं, ‘इथे आवळे मिळतील’. आता काटा काही वाकत नाही. त्यामुळे गोलाचा झाला चौकोन आणि वेलांटीचा त्रिकोण. लांबून पाहिलं तर फळी कोरी. जवळून पाहिलं तर मोडकं कुंपण.

“हे काय हो?” माकडीणबाईंनी विचारलं.

“भौमितिक आहे,” कोल्होबा घाईघाईने म्हणाले. त्यांनाही वाचता आलं नव्हतं.

झालं! सगळ्यांना तीच अक्षरं हवी झाली. हरणांच्या लग्नपत्रिकेवर लागली, तर पाहुणे भलत्याच लग्नात जेवून आले. दलदलीपाशी ‘पुढे जाऊ नये’ लागलं, ते गव्याने मानेपर्यंत रुतल्यावर वाचलं.

“पण मोकळी जागा काय सोडलीय!” तो रुतल्या रुतल्या म्हणाला.

गळलेले काटे संपले. ताई अंगावरचे उपटू लागल्या.

“ताई, थोडे राखा हो,” अस्वलकाका म्हणाले. “ते काय लिहायला दिलेत का?”

“तुमचं आपलं सगळं जाडजाड, काका!”

शेवटी सिंहमहाराजांचा निरोप आला. गुहेवर पाटी हवी, ‘आत येऊ नये’. ताईंनी उरलेसुरले सगळे काटे लावले. एक मात्रा फळीत मावेना, ती तशीच बाहेर डोकावत राहिली. आणि वारा थेट पाठीला लागला.

ताईंनी वळून पाहिलं. महाराज एकटक बघत होते. पाटीकडे नव्हे, ताईंकडे.

“सोलून ठेवल्यासारखी दिसतेस,” म्हणत त्यांनी मिशा चाटल्या.

ताई दोन पावलं मागे सरकल्या. पण कौतुकाची सवय काही सुटेना. “आधी पाटी वाचून मंजूर तरी करा, महाराज. मग काय ते.”

महाराजांना लांबून दिसेना, जवळून कळेना. पण कोल्होबा बघत होते. राजाला वाचता येत नाही, असं कसं म्हणायचं? महाराज पुढे झाले. आणखी पुढे. आणि ती मात्रा सरळ नाकात घुसली.

महाराजांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“कशी वाटली?” कोल्होबांनी विचारलं.

“भि... भिडली,” महाराज म्हणाले.

तोवर सायाळताई ओढा ओलांडून अस्वलकाकांच्या गुबगुबीत पाटीमागे लपल्या होत्या. तिथेच बातमी आली. पाटी बघून महाराज रडले! आता अख्ख्या जंगलाला हीच अक्षरं!

ताईंनी हळूच आपली उघडी पाठ चाचपली.

“काका, काटे परत यायला किती दिवस लागतात हो?”

“का?”

“काही नाही. सहज.”

तात्पर्य: डोळ्यांत पाणी आणतात ती अक्षरं थोर. ती काय म्हणतात, असं विचारणाऱ्याला कलेतलं कळत नाही. आणि ‘आत येऊ नये’ ही पाटी वाचता आली नाही, अशी तक्रार करायला गुहेतून आजवर कोणीही बाहेर आलेलं नाही.