चाळीस बुडबुडे

बाबा गेल्याच्या अकराव्या दिवशी हर्षा त्यांच्या माशांच्या टाकीत वाकून बघू लागली. वाटीएवढं हिरवं प्रवाळ मुठीसारखं मिटून बसलं होतं. दोन्ही केशरी मासे पाण्याच्या अगदी वर येऊन तोंडं उघडमीट करत होते.

लाखनीसारख्या, समुद्रापासून कोसो दूर असलेल्या गावात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणं ही तिच्या बाबांची, चिंधूजींची, एकट्याची हौस. तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात कंपाउंडरी केली. निवृत्त झाले तरी हात थेंब मोजायचा थांबेना. प्रवाळाला वाढायला चुना लागतो आणि दगडातला चुना पाण्यात उतरवायला कार्बन डायऑक्साइड लागतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. मग त्यांनी पाण्याच्या फिल्टरचा जुना डबा घेतला, त्यात प्रवाळाचा चुरा भरला, भोजराजच्या सोड्याच्या दुकानातून गॅसचं सिलिंडर आणलं आणि गॅस आवरायला सलाइनची नळी लावली. नळीवरची चक्री फिरवली की गॅस कमीजास्त होई आणि थेंबांच्या कुपीतून बुडबुडे टुपटुप वर चढत. आता सांत्वनाला येणारे लोक आधी फोटोकडे बघत, मग त्या नळीकडे, आणि हळूच विचारत, "मासा भरती आहे का वो?"

नागपूरला गणित शिकवणाऱ्या हर्षाने विसाव्या दिवशीच्या पुण्यानुमोदनापर्यंत, म्हणजे बाबांसाठीच्या सामुदायिक वंदनेपर्यंत, रजा काढली होती. तोवर ते प्रवाळ जगवायचं, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. बाबांनी ते बोटाएवढं आणलं होतं. सात वर्षांत त्याची वाटी झाली होती.

बाबांच्या वहीत सूचना एकच होती: 'एका वंदनेत चाळीस बुडबुडे. जास्त नाही.' रोज सकाळी ते टाकीसमोर सतरंजी टाकून त्रिशरण-पंचशील म्हणत, आणि तेवढ्यात किती बुडबुडे झाले त्यावर चक्री ठरे. घड्याळ का नाही, असं हर्षाने एकदा विचारलं होतं. "घड्याळाचा सेल संपते बापा," ते म्हणाले होते, "वंदनेचा नाही संपत."

बाबा गेल्यावर पाचव्या दिवशी ती पहिल्यांदा टाकीसमोर बसली. वंदना संपली तेव्हा बुडबुडे तेराच झाले होते. तिने चक्री सैल केली. पुन्हा वंदना, बावीस. पुन्हा सैल. त्या सकाळी तिने पाच वेळा वंदना म्हटली, तेव्हा कुठे चाळीस भरले. "पोरगी मोठी श्रद्धावान निंगाली," शेजारच्या आनंदाबाई कुंपणावरून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रवाळ थोडं मिटलेलं दिसलं. हर्षा घाबरली. घाबरून वंदनेला बसली, तर एकतीसच. तिने चक्री आणखी सैल केली. पुढच्या दिवशी प्रवाळ आणखी मिटलं, ती आणखी घाबरली आणि बुडबुडे पुन्हा कमी भरले. बुडबुडे ती काटेकोर मोजत होती. वंदना किती वेळात संपते, हे मात्र गणिताच्या बाईंनी एकदाही मोजलं नाही.

"आई, बाबा चक्री किती उघडत होते?"

"मले नको विचारू." रत्नमालाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. नवरा गेल्यापासून त्या टाकीच्या खोलीत येतच नव्हत्या. वंदनाही ओट्याजवळ बसून म्हणत.

शेवटी हर्षाने भोजराजला बोलावलं. "काका, गॅस पातळ देऊन राहिले का तुम्ही?"

"पातळ? ताक आहे का वो ते?" भोजराजला ते लागलं. "याच गॅसचा सोडा पिऊन अख्खं बसस्टँड ढेकर देते. चिंधूभाऊच्या मालात मी खोट करीन?"

आणि इमान सिद्ध करायला तो संध्याकाळी नवं कोरं सिलिंडर लावून गेला. दुसऱ्या सकाळी पहिल्याच वंदनेत चाळीस बुडबुडे भरले. वहीप्रमाणे सगळं बरोबर होतं. माशांनी वही वाचलेली नव्हती. त्या दिवसापासून, म्हणजे अकराव्या दिवसापासून, ते वर येऊन धापा टाकू लागले. हर्षा रोज थोडं पाणी बदलून त्यांना कसंबसं तगवत राहिली.

पुण्यानुमोदनाला खोली भरली. रत्नमालाबाईंना त्या दिवशी टाकीच्या खोलीत यावंच लागलं. त्या भिंतीशी डोळे मिटून बसल्या. वंदना सांगायला आनंदाबाई होत्या. त्या एकेक अक्षर सोलून ताटात ठेवावं तशी म्हणत.

हर्षाने सवयीने कुपीकडे पाहिलं आणि मोजायला लागली. चाळीस झाले. आनंदाबाई अजून सुरुवातीलाच होत्या. साठ झाले. नव्वद झाले. म्हणजे टाकीत दुपटीहून जास्त गॅस जात होता आणि मासे त्यानेच गुदमरत होते. बाबाही असेच म्हणत, संथ. आणि ती पंधरा दिवस पाढे म्हणावेत तशी धावत सुटली होती.

वंदनेत उठायची सोय नव्हती. ती गुडघ्यांवर पुढे सरकली, टाकीच्या स्टुलाखाली लोंबणाऱ्या नळीपर्यंत वाकली आणि कपाळ जमिनीला टेकवून चक्री आवळू लागली. मागच्या रांगेला वाटलं, असा रिवाज असेल. ती रांग टाकीपुढे वाकली. तिला पाहून दुसरी वाकली. भोजराज सगळ्यांत खाली वाकला.

"पोरी, टाकीले काहून नमस्कार केलास?" जेवताना आनंदाबाईंनी विचारलं.

"नमस्कार नाही हो आजी. गॅस जास्त झाला होता, तो कमी केला."

"मंग आमी काहून केला?"

भोजराजने आणखी वरण मागितलं.

पुण्यानुमोदनानंतर तिसऱ्या सकाळी, रजा वाढवून राहिलेली हर्षा टाकीसमोर बसली. मासे खाली उतरले होते. प्रवाळ अजून मिटलेलंच होतं. तिने संथ म्हणायला सुरुवात केली, आणि ती इतके दिवस का धावत होती ते तिला कळलं. हळू म्हटलं की दोन ओळींच्या मध्ये जागा राहत होती, आणि त्या जागेत बाबांचा आवाज आधीच येऊन बसलेला असे. तिसऱ्या ओळीवर ती थांबली.

पुढची ओळ मागून आली. रत्नमालाबाई चटई घेऊन कधी येऊन बसल्या, तिला कळलंच नव्हतं. दोघींनी वंदना शेवटपर्यंत नेली.

"चुकले मी," हर्षा डोळे पुसत म्हणाली. "मोजायचेच राहिले."

"चाळीस झाले," रत्नमालाबाई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या.

"तू मोजलेस?"

"मंग कोण मोजन? तुह्या बाबाले दोन्ही कुठं जमे? वंदना म्हणत तं मोजणं चुके, मोजत तं वंदना चुके. सात वर्षं ते म्हणत, अन् मोजत मी होती. आवाज येते ना, टुप टुप. ओट्यापाशीही येते."

"म्हणजे इतके दिवस गॅस जास्त चाललाय, हे तुला ऐकू येत होतं?"

"सोडा उकळल्यासारखा येऊन राहिला होता."

"मग सांगितलं का नाहीस, आई?"

"तू मास्तरीण. मले वाटलं, हिशोबानंच करत असशीन." त्यांनी चटईची कड सरळ केली. "अन् खरं सांगू? मोजाचं मनच नव्हतं."

टाकीत प्रवाळाने एका कडेला दोन-तीन हिरवी टोकं बाहेर काढली होती. हर्षाने वही उघडली. 'एका वंदनेत चाळीस बुडबुडे. जास्त नाही.' या बाबांच्या ओळीखाली तिने आपल्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं: 'दोन माणसं लागतात.'