जोर-बैठकांचा घनपाठ

आमच्या शेजारचे अण्णा काशीतल्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उलटे चढायचे. तोंड गंगेकडे, खांद्यावर भरलेली कळशी, आणि टाचेनं मागची पायरी चाचपत वर. अहो, पंचगंगेच्या पायऱ्या सरळ चढतानासुद्धा भल्याभल्यांना देव आठवतो! एकदा कलेक्टरसाहेब नावेतून घाट बघायला आला, तर घाटावरची जुनी मशीद राहिली बाजूला आणि दुर्बीण लावून अण्णांनाच बघत बसला.

अण्णा घनपाठी ब्राह्मण. घनपाठ म्हणजे वेदातले शब्द आधी सरळ म्हणायचे, मग उलटे, मग पुढचा शब्द जोडून पुन्हा तसंच. हीच तऱ्हा त्यांनी व्यायामाला लावली होती. जोर, बैठका, बैठका, जोर, जोर, बैठका, पायऱ्या, पायऱ्या, बैठका, जोर! कळशी आज उजव्या खांद्यावर, उद्या डाव्या, परवा पोटाशी. एखादे दिवशी तर गल्लीतून खेकड्यासारखे आडवे चालायचे.

"रोज तेच केलं की अंगाला पाठ होतं, मास्तर," मला सांगायचे. "आणि पाठ झालेलं माणूस झोपेतही म्हणतं. अंगाला बेसावध गाठावं!"

दुसरं ठरलेलं वाक्य, "अंगाला सुट्टी नाही." ताप आला तरी नाही. वैद्यबुवा नाडी बघत होते आणि यांच्या बैठका चालूच. हात सोडता येईना म्हणून बिचारे वैद्यही बरोबर उठबस करत होते. घरी जाऊन त्यांनीच काढा घेतला म्हणे.

हे खूळ मूळचं नव्हे. पूर्वी अण्णा फक्त जोडी फिरवायचे, म्हणजे ते भलेमोठे लाकडी मुद्गल. नागपंचमीला त्यात त्यांनी पगडीही जिंकली होती. अखाड्याचे उस्ताद सांगून थकले, "पंडितजी, दो-चार बैठक भी मार लिया कीजिए." यांचं उत्तर एकच, "हम तो जोड़ी के आदमी हैं."

मग वातानं अण्णांच्या बायकोचे, आमच्या वहिनींचे, पाय गेले. लग्न होऊन काशीत आल्यापासून त्यांचं कार्तिकातलं पंचगंगेचं स्नान कधी चुकलं नव्हतं. लोक म्हणाले, डोली करा. वहिनी म्हणाल्या, "चौघांच्या खांद्यावरून जायचं ते एकदाच. एवढ्यात नाही."

अण्णांनी पगडी चढवली, वहिनींना पाठीवर घेतलं आणि निघाले. निम्म्या पायऱ्यांवर पाय लटपटायला लागले. खांदे पहलवानाचे, गुडघे भटजीचे! तिथेच बसावं लागलं. मी खालून तांब्या भरून आणला. वहिनींनी ते पाणी डोक्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "इथूनही दिसते की गंगा." अण्णांनी मान वर केली नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून हा घनपाठ सुरू झाला. गल्ली हसायची, मीही हसायचो. पण पुढचा कार्तिक जवळ आला तसं हसणं कमी झालं. या खेपेला जमलं नाही, तर वहिनी पुन्हा स्नानाचं नाव काढणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कार्तिकाच्या पहिल्या पहाटे अण्णा निघाले. पगडी घरीच होती. गल्लीत सांड आडवा बसलेला. अण्णा वहिनींसकट भिंतीला लागून आडवे सरकले आणि पार झाले. पायऱ्या उतरले. वहिनींनी नाक धरून बुड्या मारल्या आणि लहान पोरीसारख्या हसल्या.

वर येताना मी मागोमाग होतो, वेळ पडली तर धरायला. अण्णा घामानं निथळत होते, पण पाय ठाम पडत होते. ओल्या लुगड्यात कुडकुडत वहिनींनी चेष्टेनं विचारलं, "अहो, आज व्यायाम कोणता?"

अण्णा आणखी एक पायरी चढले. मान वळवता येत नव्हती, म्हणून समोरच्या पायरीकडे बघतच म्हणाले,

"आज सुट्टी."