उशी नामंजूर

लेखा विभागाच्या मॅडमचं बोलावणं आलं तेव्हा तपासनीस एका गादीवर उताणा पडलेला होता, आणि ते त्याचं कामच होतं. गाद्यांच्या कारखान्यातून माल बाहेर पडण्याआधी कुणीतरी त्यावर लोळून स्प्रिंग कुठे टोचते का ते पाहावं लागतं. हे काम तो इतकी वर्षं आणि इतक्या निष्ठेनं करत होता की त्याचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

मॅडम चष्मा काढून बसल्या होत्या. चष्म्याशिवाय त्या जरा कमी कडक दिसतात, अशी कारखान्यात समजूत होती.

"दार लावून घ्या," त्या म्हणाल्या.

तपासनीसानं दार लावलं. मॅडम दार लावायला सांगतात ते कुणाला कामावरून काढतानाच, हेही कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

"आपल्याकडच्या एका माणसाच्या फोटोचं कुणीतरी स्टिकर केलंय. सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतंय. मी कशाबद्दल बोलतेय ते तुम्हाला कळलंच असेल."

"हो," तो कसाबसा म्हणाला.

"तुम्ही शांत आहात, हे बरंय. मला मात्र ते पाहिल्यापासून चैन नाही. लोकांची करमणूक होते, पण ज्याचा चेहरा आहे त्याला काय वाटत असेल, याचा विचार कोण करतं?"

"कोणी नाही करत, मॅडम."

"म्हणून मी रीतसर तक्रार करतेय. अशा ऑनलाइन छळाविरुद्ध कायद्याचं संरक्षण असतं, हे तुम्हीच बोर्डावर लावलंय ना? आणि अशा तक्रारी घ्यायचे अधिकारीही तुम्हीच. सोमवारच्या बैठकीआधी माणूस शोधा. मालकांशी मी बोललेय. सापडला की नोकरी जाईल, आणि पोलिसांतही देऊ."

तपासनीस केबिनबाहेर आला. माणूस शोधायला त्याला फार लांब जावं लागणार नव्हतं.

हे अधिकारीपद त्याच्या गळ्यात कसं पडलं, तेही सांगायला हवं. ऑनलाइन छळाबद्दलच्या प्रशिक्षणाला प्रत्येक कारखान्यातून एक माणूस हवा होता. बाकी सगळे कामात होते. तपासनीस पडून होता. त्यामुळे त्याला पाठवलं गेलं. तिथल्या वकीलबाई चांगल्या तळमळीनं बोलल्या. "गंमत केली, हा बचाव होत नाही," हे त्यांचं वाक्य तपासनीसाला इतकं भावलं की त्यानं ते मोठ्या अक्षरांत छापून चहाच्या मशीनवर चिकटवलं. चहा घेताना आता तेच वाक्य त्याच्याकडे डोळे वटारून पाहत होतं.

घडलं होतं ते असं. तपासणीसाठी एक उशी मिळावी, असा अर्ज त्यानं केला होता. दिवसभर उशीशिवाय पडून मान धरते, ही काही खोटी तक्रार नव्हती. मॅडमनी अर्ज वाचला आणि चारचौघांत विचारलं, "झोपायचा पगार देतो, आता उशीही द्यायची का?" सगळे हसले. त्या रागात तपासनीसानं एका निरोप समारंभाचा फोटो शोधला. त्यात नेमक्या शिंकण्याच्या क्षणी मॅडम सापडल्या होत्या. नाक वर, डोळे गच्च मिटलेले आणि तोंड एका कोपऱ्याकडे पळून निघालेलं. त्यानं तो चेहरा कापला, खाली 'नामंजूर' लिहिलं आणि आपल्या जिवलग मित्राला, म्हणजे स्टोअरकीपरला पाठवलं. फक्त त्याला एकट्याला. आणि आता म्हणे ते सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. कायद्याचा राखणदारच कायद्यात सापडला होता.

तो तडक स्टोअरमध्ये गेला. स्टोअरकीपर फोमचे तुकडे मोजत होता.

"ते स्टिकर तू कुणाकुणाला पाठवलंस?" तपासनीसानं दबक्या आवाजात विचारलं.

स्टोअरकीपरच्या हातातला फोम खाली पडला. "तुला कुणी सांगितलं?"

"मॅडमनी. रीतसर तक्रार केलीय."

"मेलो," स्टोअरकीपर म्हणाला आणि फोमच्या ढिगावरच बसला. "अरे, मी फक्त पॅकिंगमध्ये पाठवलं होतं. देवाशपथ. पण लोकांना इतकं आवडलं, की..."

"आवडलं?" एवढ्या घाबरलेल्या अवस्थेतही तपासनीसाला आतून किंचित गुदगुल्या झाल्या. आयुष्यात त्यानं केलेली एकही गोष्ट लोकांना आवडली नव्हती.

"खूपच. पण यार, तुझं मन इतकं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. तू रागावला नाहीस?"

"मी कशाला रागावू? माझीच चूक आहे," तपासनीस म्हणाला. स्टोअरकीपरचे डोळे पाणावले.

पॅकिंगमध्ये गेल्यावर तिथल्या ताईंनी त्याला पाहताच मोबाइल पदराखाली सरकवला.

"ताई, मी अधिकारी म्हणून विचारतोय. ते तुमच्याकडे आहे का?"

"नाही हो. म्हणजे होतं. आता नाही. माझ्या धाकट्या जावेला फार आवडलं बघा, तिला कुणाला उत्तर द्यायचं नसलं की ती तेच टाकते. तिच्या माहेरीही गेलंय." मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचा आवाज मऊ झाला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, दादा. चार दिवसांत लोक विसरतात."

या मला का समजावतायत, हे तपासनीसाला कळेना. मग कळलं. करणारा कोण, हे ताईंना ठाऊक होतं.

शेवटची आशा होती मालाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरकाकांची. ते वयानं मोठे होते आणि खोटं बोलायचा त्यांना कंटाळा येई.

"काका, खरं सांगा. ते कुणी केलं, हे किती जणांना माहीत आहे?"

काकांनी गाडीच्या टायरकडे पाहिलं. "सगळ्यांनाच माहीत आहे हो. पण तुमच्या तोंडावर कसं बोलायचं? डीलर लोकही विचारतात, की तो माणूस कामावर अजून आहे ना?"

"काय सांगता तुम्ही त्यांना?"

"म्हटलं, आहे, बिचारा."

बिचारा. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथं तर तपासनीसाच्या सर्वांगालाच खाज सुटली होती. त्या दिवशी त्यानं टोचणाऱ्या स्प्रिंगची अख्खी गादी पास केली.

घरी गेल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, स्टिकर पाहिलं, तोंडाला पदर लावून थोडा वेळ भिंतीकडे वळली आणि मग गंभीर होऊन परत फिरली.

"अहो, हसू येतं, ते खरं. पण उद्या आपल्या लेकीचं कुणी असं केलं, तर तुम्ही काय कराल?"

"त्याला सोडणार नाही."

"मग मॅडमनी तुम्हाला का सोडावं? जा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा. दुसऱ्यानं सांगितलं तर नोकरी जाईल. तुम्ही सांगितलंत तर..." ती थांबली. "तर नोकरीच जाईल, पण निदान मान वर करून घरी याल."

"मानच तर धरलीय," तपासनीस पुटपुटला. लेकीची फी, घराचा हप्ता, आपलं वय, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. गाद्यांवर लोळण्याच्या अनुभवाला बाहेर कोण विचारतं? तो मनापासून घाबरला होता.

सोमवारी बैठकीआधी तो राजीनामा खिशात घालून केबिनमध्ये शिरला आणि या वेळी न सांगताच दार लावलं.

"मॅडम, गुन्हेगार सापडला. मीच आहे."

मॅडमनी चष्मा घातला. "तुम्ही?"

"हो. रागाच्या भरात केलं. तुम्ही उशी नाकारलीत, सगळे हसले, ते मला लागलं. पण गंमत केली हा बचाव होत नाही. हा राजीनामा. पोलिसांत द्यायचं तर घरी आधी कळवा, एवढंच."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "हे तुम्ही स्वतःच केलंत?" आणि त्यांनी आपला मोबाइल त्याच्यापुढे धरला.

पडद्यावर शिंक नव्हती. पडद्यावर एक माणूस गादीवर आडवा पसरून गाढ झोपला होता. तोंड उघडं, ओठांच्या कोपऱ्यात लाळ, एक मोजा पायात आणि एक बाजूला. डोक्याखाली उशी म्हणून गुंडाळलेलं पोतं होतं. खाली लिहिलं होतं, 'काम चालू आहे.' तपासनीसाला तो माणूस कोण हे कळायला जरा वेळच लागला. इतका दमलेला, इतका म्हातारा आपण दिसतो, हे त्याला आजवर कुणी दाखवलं नव्हतं. स्टोअरकीपर का रडवेला झाला, ताई का समजावत होत्या आणि डीलर काय विचारत होते, हे सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"तक्रार तुमच्यासाठीच होती," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्यासमोर तुमचंच नाव घ्यायला जीभ रेटेना. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. मीही उशीवरून बोलले होते ना, त्याची टोचणी होती." मग त्या जराशा पुढे वाकल्या. "पण तुम्ही मघाशी रागाच्या भरात काय केलंत म्हणालात?"

आता मागे फिरायची सोय नव्हती. तपासनीसानं मोबाइल काढून टेबलावर ठेवला. मॅडमनी शिंक पाहिली. बराच वेळ पाहिली.

"हे किती जणांकडे आहे?"

"मी एकालाच पाठवलं. स्टोअरकीपरला."

त्यांनी स्टोअरकीपरला बोलावलं. तो येताच हात जोडून उभा राहिला. "मॅडम, झोपेचं मी केलं. चुकलो. पण तुमचं ते मी बघताक्षणी पुसून टाकलं. तुमचं कोण पुढे पाठवेल? नोकरी घालवायची आहे का?"

मॅडमना कुठल्याच कायद्याची गरज पडली नव्हती, त्यांच्या चष्म्यानंच काम भागलं होतं. तपासनीसाला मात्र कुणी घाबरत नव्हतं, म्हणून तो जावेच्या माहेरापर्यंत पोचला होता.

"त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तक्रार तुमची आहे," मॅडम म्हणाल्या.

तपासनीसानं मित्राकडे पाहिलं, मग टेबलावरच्या राजीनाम्याकडे. "त्यानं सगळ्यांसमोर माफी मागावी. मग मीही मागेन."

बैठकीत दोघांनीही माफी मागितली. सगळ्यांनी झोपेचं स्टिकर तिथल्या तिथे पुसलं. तपासनीसाची माफी कशाबद्दल, ते बाकी कुणालाच कळलं नाही, आणि मॅडमनीही सांगितलं नाही. राजीनामा त्यांनी फाडून टाकला. फक्त ती शिंक मात्र त्यांनी पुरावा म्हणून आपल्या मोबाइलवर मागवून घेतली.

दुपारी गादीवर पडल्या पडल्या तपासनीसाला किती दिवसांनी हलकं वाटलं. वाटलं, मॅडमचं मन आता आपल्याबद्दल बदललंय, ही वेळ चांगली आहे. त्यानं कारखान्याच्या ग्रुपवर नम्रपणे लिहिलं, "तपासणीसाठी एक उशी मिळावी, ही पुन्हा विनंती."

लगेच मोबाइल वाजला. उत्तर मॅडमचं होतं. त्यात एकही शब्द त्यांनी लिहिला नव्हता. सगळ्या कारखान्यापुढे त्यांचं नाक वर होतं, डोळे गच्च मिटलेले होते आणि खाली तपासनीसाच्याच हातचं 'नामंजूर' होतं.