राहत्या घराची सूट

मालक स्वतःच्या घरात स्वतः राहत असेल तर घरपट्टी निम्मी, असा नियम निघाला. नियम चांगलाच होता. आपल्या घरात आपण राहतो हा उद्योग आजवर कुणाच्याही तपासणीशिवाय चालला होता. त्याला शिस्त हवीच होती.

जीजींनी पहिल्याच दिवशी अर्ज ठोकला. घर त्यांच्या नावावर. नवऱ्याच्या माघारी शिलाई मशीन चालवून एकेक वीट त्यांनीच चढवलेली. छप्पर मात्र नेमकं त्यांच्याच खाटेवर गळत होतं. सूट मिळाली की गळती काढायची, असा त्यांचा हिशेब. शाळा चौथीत सुटली होती. तोंड कधीच सुटीवर गेलं नव्हतं.

तपासनीस आला, बूट काढून आदबीने बसला.

"मालक कोण?"

"मी."

"राहता इथंच?"

"छे हो, झाडावर राहते. तुम्ही येणार म्हणून आज उतरले."

त्याने ते लिहून घेतलं.

"आई, उगाच काही बोलू नका," ओट्यापाशी भांडी घासणारी सून हळूच म्हणाली.

"अहो, ते झाड खोडा की!"

"खाडाखोड चालत नाही. खुलासा जोडा. या कोण?"

"सून."

"या इथं कशा राहतात?"

"मी ठेवलंय म्हणून!"

सून हे वाक्य लग्न होऊन आल्यापासून रोज चहाबरोबर ऐकत होती. सरकारने ते पहिल्यांदाच ऐकलं.

"ठेवलंय. मोबदला काही?"

"दोन वेळचं रांधते, धुणीभांडी करते. फुकट कोण कुणाला पोसतं?"

"भाडं, कामाच्या रूपात," तो पुटपुटला. "आणि मुलगा?"

"पगार आणून हातात ठेवतो. न ठेवून जातोय कुठं? घर माझं आहे!"

"रोख भाडं."

मग साक्षीला शेजारीण आली. ती या दिवसाची वाटच बघत होती. "भिंतीपलीकडून रोज ऐकू येतं हो. 'माझ्या घरात राहायचं तर माझ्या मर्जीनं, नाहीतर दार उघडं आहे!'"

"घर रिकामं करण्याची तोंडी सूचना," तपासनीसाने नोंदवलं. "दररोज. म्हणजे घर भाड्याने दिलेलं आहे. सूट नाहीच, उलट पट्टी दुप्पट."

जीजींचा आवाज प्रथमच खाली आला. "काही उपाय?"

"सोपा आहे. भाडेकरू नसून कुटुंब असेल तर सूट मिळते. माझ्यासमोर सुनेला एकदाच म्हणा, 'हे घर तुझंही आहे.'"

एवढंच? जीजींनी घसा खाकरला. छप्पर डोळ्यांपुढे आणलं. "हे घर..."

सुनेने नळ बंद केला. नीट ऐकू यावं म्हणून.

तिथेच घात झाला. नळ चालू असता तर त्या आवाजात जीजींनी वाक्य उरकलंही असतं. आता ते दाढेखाली आलेल्या खड्यासारखं अडलं. गिळवेना, थुंकवेना.

"दुप्पट तर दुप्पट!" त्या कडाडल्या. "लिहा!"

तपासनीसाने शिक्का मारला आणि भाडेकरूंच्या हक्कांचा छापील कागद सुनेपुढे धरला. तिने हात कोरडे केले, मग घेतला. शांतपणे, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीजी चहाला निघाल्या, तर स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं. त्यांनी ते ढकललं.

"कोण?" आतून आवाज आला.

"कोण म्हणजे? घराची मालकीण!"

"मग दार वाजवून यायचं, मालकीणबाई. आणि ते छप्पर गळतंय. दुरुस्ती मालकाकडे असते."

'आई' नाही. मालकीणबाई. जीजी दाराबाहेर तशाच उभ्या राहिल्या. हात वाजवायला उचललेला, पण दारापर्यंत जाईना.

तेवढ्यात पलीकडच्या घरातून तपासनीसाचा आवाज ऐकू आला. "घर कुणाचं?" शेजारणीने तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

सूट अजून गल्लीत एकालाही मिळालेली नाही. आता तपासनीस तुमच्याकडे निघालाय. घरात कुणी असेल तर त्याच्याकडे बघून ते वाक्य एकदा म्हणून पाहा. मोठ्याने. नळ बंद करून.